तंबोऱ्याची पारख

गाणे शिकू लागलेल्या मुलामुलींचे पालक साताऱ्याहून वा सांगलीहून मिरजेस तंबोरा खरेदी करण्यास येतात, तेव्हा त्यांची नजर बहुधा भोपळ्याच्या घेरावर आणि दांडीवरील नक्षीवर खिळते. परंतु ज्या वाद्याचे प्रयोजनच कंठास अखंड स्वराधार देणे हे आहे, त्याची निवड त्या कंठाच्या पट्टीवरूनच झाली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी येथे तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले.

काळी एकच्या आसपास गाणाऱ्या पुरुषास लांब तारांचा, मोठ्या भोपळ्याचा मर्दानी तंबोरा लागतो. काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीस आखूड, जनानी तंबोरा. आखूड तार खालच्या पट्टीत उतरविली की ढिली पडून तिचा नाद मरतो, आणि लांब तार वर चढविली की ती तुटण्याची धास्ती.

मात्र खरी कसोटी जवारीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याच्या घडणीची. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्यास अतिसूक्ष्म उतार असतो, व तो कानशीने घासून साधणे हे अनेक वर्षांच्या साधनेचे काम आहे. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा जीवा किंचित मागेपुढे सरकविला की एका विवक्षित जागी मिटलेला नाद एकाएकी उमलतो, आणि खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला, स्वयंभू गांधार ऐकू येऊ लागतो. हा गांधार ज्या तंबोऱ्यात स्पष्ट उमटत नाही, तो कितीही शृंगारलेला असला तरी घेऊ नये.

तेव्हा खरेदीस जाताना गुरुजींस सोबत न्यावे, चारही तारा आपल्या पट्टीत लावून घ्याव्यात आणि तेथेच बसून षड्ज लावून पाहावा. कंठ फुटण्याच्या वयातील मुलासाठी मात्र, त्याची पट्टी स्थिर होईपर्यंत, ही खरेदी खुशाल तहकूब ठेवावी.