खुर्चीतून घराबाहेर

अपघातानंतर कण्याची शस्त्रक्रिया झाली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कधी चालायला लागेल?’ प्रश्न साहजिक आहे. पण त्याच्या उत्तराची वाट पाहण्यात कितीतरी घरांत वर्षं निघून जातात. तेलमालिश होते, नवससायास होतात आणि धडधाकट हातांचा तरुण मागच्या खोलीत पलंगावर पडून राहतो. उठून बसायला, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत सरकायला, लघवीच्या वेळा सांभाळायला त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. चालण्याची आशा सोडा, असं मी कुणालाही म्हणणार नाही. जगणं मात्र त्या दिवसापर्यंत लांबणीवर टाकू नका, हे कळकळीनं सांगायचं आहे.

कण्यातल्या मज्जारज्जूतून नसांच्या 31 जोड्या निघतात. इजा जितकी वर, तितका शरीराचा जास्त भाग मेंदूपासून तुटतो. मानेत अगदी वर मार बसला तर श्वासावरही परिणाम होतो. छातीच्या खालच्या भागात बसला तर हात पूर्ण शाबूत राहतात. इजा अपूर्ण असेल तर पहिल्या काही महिन्यांत बरीच सुधारणा होऊ शकते. पाय गेल्याचं सगळ्यांना दिसतं. त्यांच्याबरोबर स्पर्श, मूत्राशयावरचा ताबा आणि इजेच्या खालच्या भागाला येणारा घामही जातो, हे दिसत नाही. जिवाला धोका असतो तो इथेच.

त्वचेचं पाहा. तुम्ही-आम्ही बसल्या बसल्या नकळत कूस बदलतो, कारण बूड दुखतं. ज्याला दुखतच नाही, त्याला आठवणीनं वजन हलवावं लागतं: खुर्चीत दर पंधरा ते तीस मिनिटांनी, पलंगावर साधारण दर दोन तासांनी. रोज रात्री आरशात माकडहाड, नितंब आणि टाचा पाहायच्या. दाबून न जाणारा लाल डाग दिसला तर त्या जागेवर भार देणं थांबवायचं. त्या डागाचं बेडसोर झालं तर माणूस महिनोन्महिने पुन्हा पालथा पडतो. म्हणून खुर्चीपेक्षा तिच्यावरच्या गादीसाठी आधी पैसे काढून ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे.

लघवीचं शास्त्र 1972 साली बदललं. अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी दाखवलं की, स्वच्छ हातांनी ठरावीक वेळेला स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामं केलं तर पुरतं. साधारण दर चार ते सहा तासांनी. यामुळे मूत्रपिंडं वाचतात, आणि कायमची पिशवी लटकवून घेण्याची गरज अनेकांना उरत नाही. इजा छातीच्या सहाव्या मणक्याजवळ किंवा त्याच्या वर असेल, तर घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक हवी. अचानक डोकं ठणकू लागलं, चेहऱ्यावर घाम फुटला, रक्तदाब चढला, तर माणसाला ताठ बसवा, कपडे सैल करा आणि नळी तुंबली आहे का, मूत्राशय भरलं आहे का, ते आधी पाहा. तरीही उतार पडला नाही तर तातडीनं रुग्णालय गाठा.

दुसऱ्या महायुद्धाआधी अशी इजा झालेली बहुतेक माणसं बेडसोर आणि मूत्रसंसर्गानं फार काळ जगत नसत. डॉ. लुडविग गुटमन यांनी 1944 साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे हे चित्र पालटायला घेतलं. वेळेवर कूस बदलणं, मूत्राशयाची निगा, हाताला काम आणि खेळ. 29 जुलै 1948 रोजी तिथे 16 जखमी सैनिकांनी, स्त्रिया आणि पुरुषांनी, तिरंदाजीची स्पर्धा खेळली. पॅरालिम्पिकची सुरुवात ती.

त्या वाटेवर आपला सांगलीचा माणूस फार लवकर पोचला. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून पोहणं सुरू झालं आणि 1972 च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये 37.33 सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला 2018 साल उजाडलं. पुण्याच्या खडकीत 1974 पासून जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे; तिथले काही जवान तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात.

प्रत्येकानं पदक आणायलाच हवं, असं नाही. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्यातून दोनदा, किमान वीस मिनिटं दम लागेल असा व्यायाम आणि चालू स्नायूंना बळ देणारा व्यायाम, एवढ्यानं अंगात ताकद येते. हृदयासाठी आठवड्यातून तीनदा तीस मिनिटं. खांदे मात्र जपा. खुर्ची ढकलायला आणि अंग उचलायला तेच आहेत. इजेखाली घाम येत नाही, म्हणून उन्हात ओला टॉवेल आणि पाण्याची फवारणी जवळ ठेवा.

आता एवढं सगळं शिकलेला माणूस बाहेर पडला तर जाईल कुठे? कोलकात्याचं एस्प्लनेड घ्या. जिल्ह्याजिल्ह्यांतून येणाऱ्या बस इथे, धर्मतल्ल्याला थांबतात. हालचालींच्या अपंगत्वावर काम करणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था याच शहरात, उत्तरेला बोनहुगलीत, 1978 पासून आहे. म्हणजे उपचार शहरात आहे. बसच्या उंच पायऱ्या ओलांडून तिथवर पोचायचं कसं, हा प्रश्न आहे. देशातली पहिली मेट्रो 24 ऑक्टोबर 1984 रोजी याच एस्प्लनेडहून भवानीपूरला निघाली. 2024 साली हुगळीखालून इथे आलेल्या नव्या मार्गिकेच्या स्थानकांत लिफ्ट आहेत. पण वरच्या रस्त्यावर फुटपाथची कड उंच असेल, फेरीवाल्यांमधून खुर्चीपुरती वाट नसेल, तर ती लिफ्ट कुणासाठी? 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना केंद्राला सांगितलं की, सुगम्यतेचे किमान निकष नुसत्या शिफारशी म्हणून न ठेवता सक्तीचे करा. ती सक्ती प्रत्येक फुटपाथपर्यंत उतरायला हवी.

ज्या 1984 साली ती मेट्रो धावली, त्याच साली कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलेली ही मुलगी निराशेत बुडाली होती. बंगळूरचे बाबूकाका दिवाण भेटले. तेही पॅराप्लेजिक, पण स्वतः मोटार चालवणारे. डॉक्टरांच्या शंभर सल्ल्यांनी झालं नसतं ते त्यांना पाहून झालं. म्हणूनच नव्यानं इजा झालेल्या माणसाला, त्याच इजेसह दहा वर्षं जगलेल्या कुणाशी तरी गाठ घालून द्या, अगदी रुग्णालयात असतानाच. नसीमादीदींनी पुढे सरकारी नोकरी केली, ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिलं, आणि अपंग मुलांना कोल्हापुरात राहून शिकता यावं म्हणून वसतिगृह काढलं. कुडाळ तालुक्यातल्या मोरे गावी संस्थेची ‘स्वप्ननगरी’ आहे. तिथे अपंग स्त्री-पुरुष काजूप्रक्रियेचं काम करतात आणि स्वतःची कमाई करतात.