लहान सैन्ये, मोठे प्रश्न – भाग ६ : आर्मेनियाची खरेदी-यादी

मागच्या भागातल्या सिंगापूरकडे पैसा होता आणि सावकाश तयारी करायला अर्धे शतकही मिळाले. आर्मेनियाला दोन्हींपैकी काहीच मिळाले नाही. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, समुद्र नाही, तुर्कस्तान आणि अझरबैजान या दोन्हींच्या सीमा १९९० च्या दशकापासून बंद. बाहेर जायला दोनच दारे, जॉर्जिया आणि इराण. विकत घेतलेली तोफ देशात आणायची कशी, इथूनच या सैन्याच्या आधुनिकीकरणाची सुरुवात होते.

२७ सप्टेंबर २०२० ला, अझरबैजानशी ज्यावरून वाद होता त्या नागोर्नो-काराबाखमध्ये युद्ध पेटले आणि ४४ दिवसांत आर्मेनियाची बाजू कोसळली. ‘ड्रोनने रणगाडे हरवले’ असा निकाल तेव्हा अनेकांनी देऊन टाकला. तो अर्धवट आहे. अझरबैजानने आधी काय केले? शेतांवर औषध फवारायला वापरतात तसली जुनी अँटोनोव्ह-२ विमाने वैमानिकाशिवाय समोरच्या फळीवर सोडली. त्यांच्यावर क्षेपणास्त्रे डागताना आर्मेनियाच्या विमानविरोधी पथकांचे ठावठिकाणे उघड झाले. वर घिरट्या घालणाऱ्या तुर्की बायरक्तार आणि इस्रायली हारोप ड्रोनना तेवढेच हवे होते. ओसा आणि स्ट्रेला या सोव्हिएत प्रणाली माणूस बसलेली विमाने आणि हेलिकॉप्टरे पाडण्यासाठी घडवलेल्या; छोटे, संथ ड्रोन त्यांना नीट दिसतच नव्हते. डोक्यावरचे हे छत्र फाटल्यावर खालचे टी-७२ रणगाडे आणि तोफा टिकणे अवघडच होते.

आर्मेनियाकडे नवे काहीच नव्हते असेही नाही. २०१९ च्या अखेरीस चार सुखोई-३० विमाने रशियाहून आली होती. युद्धात ती वापरलीच गेली नाहीत. त्यांच्यासोबत क्षेपणास्त्रे घेतलेली नव्हती, हे पंतप्रधान निकोल पाशिन्यान यांनीच पुढच्या वर्षी सांगितले. लहान देशांच्या खरेदीत हा आजार जुनाच आहे. संचलनात शोभेल ते आधी घ्यायचे. दारूगोळा, सुटे भाग आणि प्रशिक्षण यांचे पैसे पुढच्या अर्थसंकल्पात पाहू.

याहून खोल दुखणे पुरवठादाराचे होते. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेच्या हिशेबाने २०११ ते २०२० या काळात आर्मेनियाने आयात केलेल्या मोठ्या शस्त्रांपैकी ९४ टक्के एकट्या रशियाची होती. मग रशिया युक्रेनमध्ये गुंतला आणि पैसे देऊन मागवलेला माल अडकला. सप्टेंबर २०२२ मध्ये खुद्द आर्मेनियाच्या भूमीवर अझरबैजानचा हल्ला झाला, तेव्हा रशियाच्या नेतृत्वाखालील लष्करी आघाडीने सैन्य पाठवले नाही. पुढच्याच वर्षी काराबाख हातचे गेले आणि तिथले लाखभर आर्मेनियन घरे सोडून निघाले.

नव्या यादीत भारताचे नाव ठळक आहे, आणि त्यातला एक धागा थेट पुण्यात येतो. सुरुवात २०२० मध्येच स्वाती रडारने झाली होती. शत्रूचा गोळा हवेत असतानाच त्याचा मार्ग मोजून, तो कुठून सुटला ते हे रडार सांगते. २०२२ मध्ये पिनाक रॉकेट प्रणालीची मागणी आली. तिचा आराखडा पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई प्रयोगशाळेतला. सहा लाँचरांची एक बॅटरी ४४ सेकंदांत ७२ रॉकेटे सोडते. मूळ रॉकेटचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या भारत फोर्जने आपल्या उपकंपनीला १५ कोटी ५५ लाख डॉलरची, १५५ मिलिमीटर तोफांची निर्यात मागणी मिळाल्याचे जाहीर केले. ग्राहकाचे नाव कंपनीने घेतले नाही. ते आर्मेनियाच, असे तेव्हापासून सगळीकडे छापून येते. विमानविरोधी आकाश क्षेपणास्त्रेही भारताचीच. फ्रान्सकडून थेल्स कंपनीची तीन रडारे आणि ट्रकवर बसवलेल्या ३६ सीझर तोफा ठरल्या.

यादी भरगच्च दिसते, पण कोठारप्रमुखाच्या नजरेने ती पुन्हा वाचावी. घरातला प्रत्येक नळ वेगळ्या कंपनीचा असला की साध्या वॉशरसाठी दहा दुकाने पालथी घालावी लागतात; इथे तर गाठ तोफगोळ्यांशी आहे. जुन्या सोव्हिएत तोफा १२२ आणि १५२ मिलिमीटरच्या, भारतीय आणि फ्रेंच १५५ च्या. रॉकेटांत ग्राड १२२ चे, स्मेर्च ३०० चे, पिनाक २१४ चे. सगळे ट्रकही एका जातीचे नाहीत. रशियन रडार, फ्रेंच रडार आणि भारतीय क्षेपणास्त्र यांना एकाच नकाशावर आणणे हे तर वेगळेच काम. ते यादीत दिसत नाही आणि खर्च मात्र सतत मागते. भारतीय आणि फ्रेंच तोफांचा व्यास एकच निवडला, हा मला या सगळ्या व्यवहारातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. तरी गोळा मावला म्हणजे तो निशाणावर पडेलच असे नाही. प्रत्येक तोफेसाठी माऱ्याचे गणित नव्याने बसवावे लागते.

ते बसवायला माणसे हवीत. आर्मेनियाचे सैन्य सक्तीच्या भरतीवर उभे राहिलेले, आणि सेवा २०२५ पर्यंत दोन वर्षांची होती. रडारवर हात बसेपर्यंत मुलगा घरी जायला निघतो. म्हणून सरकारने सक्तीच्या सेवेतल्या जवानांना पाच वर्षांच्या कराराने थांबवणारी योजना आणली. करार पूर्ण करणाऱ्याला मोठी रक्कम मिळते. तोफांच्या बातम्यांत या योजनेचा उल्लेख क्वचितच येतो. तोफांइतकीच तीही आधुनिकीकरणाचा भाग आहे.

ही सगळी जमवाजमव चालू असताना समोरचा स्वस्थ बसलेला नाही. तेलावर पोसलेल्या अझरबैजानचा संरक्षण खर्च आर्मेनियाच्या दुपटीहून अधिक आहे, त्यामुळे शस्त्राला शस्त्र ही शर्यत आर्मेनियाला परवडणारी नाही. हल्ला महाग पडेल एवढी ताकद ठेवायची आणि मधल्या काळात तह पदरात पाडून घ्यायचा, असा हिशेब त्यांच्या वागण्यातून दिसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनला दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली. पूर्ण सही मात्र झाली नाही. आर्मेनियाने आधी राज्यघटना बदलावी, असे अझरबैजानचे म्हणणे आहे.