भिंतीवरील पहिला डॉक्टर

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. स्नेह्यांच्या नातवाची मुंज होती. बडोद्यातलेच एक दुमजली सभागृह. वर विधी आणि खाली पंगती. मी खाली पानावर बसलो होतो. एकाएकी जिन्याच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला आणि पाठोपाठ एक तरुण पिता अडीच वर्षांच्या मुलाला छातीशी कवटाळून धावत आला. मुलाचे ओठ काळेनिळे पडले होते आणि मान एका बाजूला कलली होती. फळांच्या तबकातले अख्खे द्राक्ष त्याच्या घशात अडकले होते. मी त्याला तिथेच जमिनीवर ठेवून छातीवर दाब देऊ लागलो. काही क्षणांनी तोंडात दिसू लागलेले द्राक्ष बोटाने काढले, श्वास दिला, आणि थोड्या वेळाने नाडी हाताला लागली.

मूल वाचले, पण मेंदूला प्राणवायू न मिळालेली ती मिनिटे परत आणता आली नाहीत. घड्याळ कोणी पाहिले नव्हते, तरी सहा-सात मिनिटे सहज गेली असावीत. आज तो मुलगा पंधरा वर्षांचा आहे. आधाराशिवाय त्याला चालता येत नाही, आणि आकडीचे औषध रोज घ्यावे लागते.

त्या मिनिटांत वर काय घडले, ते नंतर कळले. कोणी त्याला पाणी पाजण्याचा प्रयत्न केला, कोणी घशात बोट घातले. ‘डॉक्टर खाली आहेत’ असे कोणी तरी म्हणाले, तेव्हा वडील समोरच्या दाराकडे धावले. दारावर इंग्रजीत ‘एक्झिट’ असे लिहिले होते. दाराला कुलूप होते आणि आड खुर्च्यांची चळत. मागे वळून, गर्दीतून वाट काढत, ते दुसऱ्या जिन्याने खाली आले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ते सभागृह पाहायला गेलो. कचेरीच्या दारामागे तांबडा क्रॉस रंगवलेली प्रथमोपचाराची पेटी होती. तिची किल्ली व्यवस्थापकांकडे आणि व्यवस्थापक रजेवर. शेजारी चौकटीत बसवलेला एक तक्ता होता. बारीक इंग्रजी अक्षरे, कोट घातलेल्या माणसाचे चित्र आणि समोर कृत्रिम फुलांची कुंडी. तपासणीच्या दिवशी दाखवायला एवढे पुरेसे होते.

काही महिन्यांनी मुलाची आई तपासणीसाठी त्याला घेऊन आली असता म्हणाली, “डॉक्टर, तिथे काय करायचे ते कुठे तरी लिहिलेले असते, तर आम्ही केले असते हो.” या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजचा हा लेख म्हणजे त्या उत्तराचाच एक प्रयत्न आहे.

आता एक वेगळा अनुभव. माझ्याकडे मुलांना घेऊन येणारे एक गृहस्थ शहराबाहेरील रसायनांच्या कारखान्यात काम करतात. त्यांची चार वर्षांची मुलगी आजोबांच्या चुन्याची नळी दाबून खेळत होती. ती फुटली आणि चुना थेट डोळ्यांत उडाला. चुना हा तीव्र क्षार. डोळ्यात गेला की तो बुबुळाच्या आत आत शिरत राहतो, आणि उशिरा पोचलेल्या मुलांची दृष्टी कायमची अधू होते. या गृहस्थांनी मात्र मुलीला आडवे धरून, पापण्या उघडून, नळाच्या बारीक धारेखाली पंधरा मिनिटे डोळा धुतला. दिसणारे कण ओल्या कापडाच्या टोकाने टिपले आणि मगच ते घराबाहेर पडले. नेत्रतज्ज्ञांनी पुढील उपचार केले आणि मुलीचा डोळा वाचला.

मी विचारले, “हे तुम्हाला कोणी शिकवले?” ते म्हणाले, “शिकवले असे नाही, डॉक्टर. आम्ही हात धुवायला जातो तिथे रोज तो हिरवा बोर्ड समोर असतो. डोळा आणि त्यावर पाणी. खाली लिहिले आहे, पंधरा मिनिटे.”

या दोन प्रसंगांतील फरकावर मी पुष्कळ विचार केला आहे. संकटाच्या क्षणी माणूस वाचत नाही, त्याला वाचता येत नाही. त्या क्षणी दिसतो तो रंग, बाण आणि चित्र. म्हणून सूचनाफलक दोन प्रकारचे असतात. एक वाट दाखवणारे: पेटी कुठे, दार कुठे, पाणी कुठे. हे अक्षरांवाचून कळले पाहिजेत. दुसरे कृती शिकवणारे, आणि ते अपघाताच्या आधीच वाचून झालेले असावे लागतात. त्यांची जागा कचेरीच्या दारामागे नाही. माणूस रोज, निवांत, काही काम नसताना जिथे उभा राहतो तिथे ते हवेत: हात धुण्याची जागा, लिफ्टसमोरची रांग, तिकीट खिडकी.

वाट दाखवणाऱ्या फलकांसाठी जगाने एक चित्रलिपी ठरवली आहे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार तांबडा रंग मनाईचा व अग्निशमन साधनांचा, पिवळा धोक्याच्या इशाऱ्याचा, निळा सक्तीच्या सूचनेचा आणि हिरवा सुरक्षिततेचा. प्रथमोपचाराची खूण म्हणजे हिरव्या चौकोनातील पांढरा क्रॉस. बाहेर पडण्याच्या मार्गाची खूण म्हणजे दाराकडे धावणारा माणूस. ओसाका येथे १९७२ साली एका बहुमजली दुकानाच्या इमारतीला आग लागून ११८ माणसे मृत्युमुखी पडली. अशा दुर्घटनांनंतर जपानने या खुणेसाठी स्पर्धा घेतली. तीतून आलेले व युकिओ ओटा यांनी सिद्ध केलेले हे चित्र १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय मानकांत आले. त्याला कोणतीही भाषा लागत नाही.

आपल्याकडे १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ प्रेक्षक प्रामुख्याने धुरात गुदमरून गेले. वाटेत जादा खुर्च्या बसवल्या होत्या आणि अंधारात दारे सापडली नाहीत. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुले जळून मेली. तिथे फलक असता तर मुले वाचली असती, असे मी म्हणणार नाही. तिथे बाहेर पडायला पुरेशी वाटच नव्हती. फलक वाट दाखवतो, वाट निर्माण करीत नाही. कुलूपबंद दारावर लावलेला फलक तर माणसाला फसवतो. मुंजीच्या त्या सभागृहात हेच घडले.

कायद्याने या गोष्टी विचारात घेतल्या नव्हत्या असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातील ४५ व्या कलमाने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी, आणि ती कामाच्या सर्व वेळात हाताशी असेल अशी एक प्रशिक्षित जबाबदार व्यक्ती, अशी तरतूद केली होती. कायदा करणाऱ्यांनी पेटीबरोबर माणसाचाही विचार केला होता. सभागृहांत, मंदिरांत, शिकवणीवर्गांत आपण पेटी टांगतो आणि माणूस विसरतो.

येथे आपल्या व्यवसायबंधूंना एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील तांबडा क्रॉस ही डॉक्टरांची खूण नव्हे. १८६४ च्या जिनिव्हा करारापासून ते युद्धभूमीवरील वैद्यकीय सेवेचे संरक्षणचिन्ह आहे, आणि आपल्या देशात १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार त्याचा अनधिकृत वापर हा गुन्हा आहे. तरीही आपल्या मोटारींवर, पाट्यांवर, औषधांच्या दुकानांवर ते सर्रास दिसते. माझ्याही गाडीवर ते कित्येक वर्षे होते. ज्यांनी खुणांचा अर्थ समाजाला सांगायचा, त्यांनीच तो पुसट केला आहे.

आणि आपल्या प्रतीक्षाकक्षांचे काय? जिथे आई, आजी आणि बाळ अर्धा-पाऊण तास बसून असतात, त्या भिंतीवर आपण औषध कंपन्यांची कॅलेंडरे लावतो. शिकवण्यासाठी याहून चांगली जागा शहरात दुसरी नाही. त्या आईच्या वाक्यानंतर मी माझ्या दवाखान्यात, बसल्या जागेवरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, गुजराती, हिंदी व मराठीत चित्रांसह एक फलक लावला. त्यावरचा मजकूर एवढाच:

घशात काही अडकले आणि मूल खोकू शकत असेल, तर त्याला खोकू द्या. आवाज, श्वास, खोकला बंद झाला तर एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा. मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर, आत व वरच्या दिशेने पाच झटके. हे आलटून पालटून. एक वर्षाखालील बाळाला डोके खाली करून पालथे धरा व पाठीवर पाच थापा. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब. पोटावर कधीही नाही. न दिसणारी वस्तू काढायला बोट घालू नका. एकाने हे करावे, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मूल बेशुद्ध झाले तर जमिनीवर ठेवून छातीवर दाब व श्वास सुरू करा.

भाजले तर वीस मिनिटे वाहते थंड पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद नको. रॉकेल प्यायले तर उलटी करवू नका. डोळ्यात चुना गेला तर आधी पाणी, मग डॉक्टर.

महाराज सयाजीरावांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. वाचणाऱ्या प्रजेची परंपरा असलेल्या या शहरात वाचण्याजोगे फलक नसावेत, हे आपल्याला शोभणारे नाही. संस्थेच्या प्रत्येक सभासदाने यंदा दोनच गोष्टी कराव्यात, अशी माझी नम्र विनंती आहे. आपल्या प्रतीक्षाकक्षात असा एक फलक लावावा. आणि ज्या सभागृहात लग्नामुंजीला जाऊ, तिथे पानावर बसण्यापूर्वी हिरव्या फलकाखालचे दार उघडते का, ते एकदा ढकलून पाहावे.

तो मुलगा आजही दर तीन महिन्यांनी माझ्याकडे येतो. त्याची आई त्या फलकाखालच्याच बाकावर बसते. गेल्या खेपेस शेजारी बसलेल्या, कडेवर तान्हे बाळ असलेल्या एका तरुण आईला ती चित्रावर बोट ठेवून काही समजावून सांगत होती. मी पुढच्या रुग्णाला बोलावण्यासाठी वाजवायची घंटा थोडा वेळ वाजवली नाही.