पातं वाजवून बघा!

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ‘पाऊणपट’ म्हणजे नक्की किती, हे मला अकरावीपर्यंत माहीत नव्हतं. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण हा लेख मराठीतच लिहायचा, असं आमच्या वर्कशॉपच्या मामांना कबूल केलंय.

झालं असं. टेक-फेस्टच्या आदल्या रात्री आमच्या मॉडेल विमानाचा दहा इंची कार्बन फायबरचा प्रॉपेलर टेबलावरून पडला. टोकाशी केसाएवढी चीर दिसत होती. नवीन आणायला वेळ नव्हता आणि मेसचं बिल भरून झाल्यामुळे पैसेही नव्हते. मी चिरेत झटपट सुकणारा गोंद भरला, वरून पॉलिश पेपर मारला. एकदम नवा दिसायला लागला! सकाळी मोटर फुल केली आणि ‘फट्’ असा आवाज आला. पात्याचा तुकडा मागच्या नोटीस बोर्डात खोल रुतला होता. दोन मिनिटांपूर्वी माझी रूममेट तिथेच उभी राहून फोटो काढत होती.

मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “बाळा, खेळण्यात हे झालं. माणूस बसतो त्या विमानात झालं असतं तर?” त्यानंतर महिनाभर मी लायब्ररीत याच विषयामागे होते.

एक्सपेरिमेंटल विमान म्हणजे कारखान्यात टाइप सर्टिफिकेट घेऊन बनलेलं नव्हे, तर बहुतेक वेळा हौशी माणसाने स्वतः बांधलेलं विमान. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला घराच्या गच्चीवर बांधलेलं विमान. 2016 मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. अशा विमानांत प्रॉपेलरची काळजी घेणारा बऱ्याचदा मालक स्वतःच असतो.

आता थोडं गणित (पळू नका!). समजा प्रॉपेलरचा व्यास 1.7 मीटर, वेग मिनिटाला 2700 फेरे, एका पात्याचं वजन दीड किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य मध्यापासून 35 सेंटीमीटरवर. ‘एम आर ओमेगा स्क्वेअर’ मध्ये आकडे टाका. उत्तर येतं सुमारे 42,000 न्यूटन, म्हणजे सव्वाचार टन! एक अख्खा हत्ती त्या दीड किलोच्या पात्याला बाहेर ओढतोय असं समजा. टोकाला एक ग्रॅम माती चिकटली तरी ती जवळजवळ सात किलोचा ओढ देते. म्हणूनच बॅलन्सिंगचा एवढा बाऊ करतात.

शिवाय विमान पुढे ओढताना पातं पुढच्या बाजूला वाकतं आणि हवेच्या दाबाने पिळलंही जातं. त्यात चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला दोन धक्के देतं, म्हणजे सेकंदाला 90. ॲल्युमिनियमला हे धक्के सोसत नाहीत. बारीक खाच पडली की तिथून फटीग क्रॅक सुरू होते. कॉम्पोझिट पातं हलकं असतं आणि कंपनं बऱ्यापैकी जिरवतं, म्हणून ते आवडतं.

पण कॉम्पोझिट म्हणजे नुसता जादूचा कपडा नव्हे. त्याची ताकद धाग्याच्या दिशेतच असते. म्हणून ओढ सोसायला धागे पात्याच्या लांबीच्या दिशेने घालतात आणि पीळ सोसायला 45 अंशांत तिरके थर देतात. आत बहुधा लाकडाचा किंवा फोमचा गाभा असतो. पुढच्या कडेला खडी आणि पावसाचा मार बसतो, तिथे धातूची पट्टी लावतात.

खरी परीक्षा असते मुळाशी, जिथे पातं हबला जोडलेलं असतं. हत्तीची सगळी ओढ तिथे येते. नुसत्या चिकटवण्यावर भरवसा ठेवायचा नसतो. मामांनी मला टिकाव दाखवला. त्याचा दांडा एका टोकाला जाड असतो, त्यामुळे कितीही जोरात फिरवा, टिकाव हातातून सुटला तर सुटेल पण दांड्यातून निसटत नाही. पात्याचं मूळही असंच फुगीर करून धातूच्या खोबणीत अडकवतात. गोंद हरला तरी आकार धरून ठेवतो.

1986 मध्ये ‘व्हॉयेजर’ या विमानाने डिक रुटन आणि जीना येगर यांना घेऊन, वाटेत इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण त्याच्या काही महिने आधी चाचणी उड्डाणात पुढच्या प्रॉपेलरचं पातं तुटून गेलं होतं. एक पातं गेलं की समोरच्या पात्याची ओढ तोलायला कुणीच उरत नाही आणि ती इंजिनालाच मुळापासून हलवते. त्यांनी इंजिन वेळीच बंद केलं, मागच्या इंजिनावर विमान उतरवलं आणि प्रदक्षिणेला ॲल्युमिनियमचे प्रॉपेलर लावून गेले. यात मला कमीपणा वाटत नाही, शहाणपणा वाटतो.

आता देखभाल. ॲल्युमिनियमला पोचा आला तर दिसतो. कॉम्पोझिटमध्ये वरचा रंग ठीक आणि आतले थर सुटलेले, असं होऊ शकतं. त्यावर उपाय साधा आहे: नाण्याने वाजवून बघायचं! माठ घेताना आई टिचकी मारून बघते ना, तसंच. टणक, स्वच्छ आवाज आला तर ठीक. मध्येच ‘भद्द’ आवाज आला, तर तिथे थर सुटल्याचा संशय घ्यायचा आणि जाणकाराने तपासेपर्यंत उडायचं नाही. (नाणं इग्निशन बंद आहे ना, हे बघूनच काढायचं. प्रॉपेलर नेहमी ‘जिवंत’च समजायचा.)

हब लाकडी असेल तर हवामानाप्रमाणे लाकूड फुगतं-आकसतं, म्हणून बोल्ट पुन्हापुन्हा टॉर्क रेंचने तपासायचे. कडेची पट्टी सैल झालीय का ते बघायचं. खडीवर उभं राहून इंजिन रेस करायचं नाही. पातं जमिनीला लागलंच, तर फक्त पातं बदलून भागत नाही, कारण धक्का क्रँकशाफ्टपर्यंत पोचलेला असतो. आणि चिरेवर गोंद भरून वरून पॉलिश मारायचं नाही. हे शेवटचं मी अनुभवाने सांगतेय.

तो तुकडा मी बोर्डातून काढलेला नाही. वर्कशॉपला आलात तर बघा, आणि जमलं तर क्लबच्या कपाटातले उरलेले प्रॉपेलर वाजवायला मदत करा. अठरा आहेत. नाणं घेऊन या.