बाटलीतले रोप आणि प्रयोगवही

अर्धापूरची केळी ठाऊक नाही असा माणूस नांदेड जिल्ह्यात सापडायचा नाही. पूर्वी केळीची लागण करायची म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटलेले मुनवे खणून काढायचे आणि नव्या शेतात लावायचे. मुनव्याबरोबर आईचे गुण येत. पण तिचे रोग आणि मुळांतल्या सूत्रकृमीही येत. आता पुष्कळ शेतकरी बाटलीत वाढवलेली रोपे आणतात. ही रोपे कशी तयार होतात, आणि महाविद्यालयातल्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींनी ती विद्या का शिकावी, हे आज पाहू.

नांदेडला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. या विषयाचा विद्यार्थी पदवीच्या अखेरीस एक छोटा संशोधन प्रकल्प हाती घेतो. केळीचे ऊतिसंवर्धन हा त्यांतला नेहमीचा विषय.

त्याची रीत अशी. निरोगी मुनवा घ्यायचा, त्याचे पापुद्रे सोलत जायचे आणि आतला बोटाच्या पेराएवढा कोंब तेवढा ठेवायचा. तो निर्जंतुक करून बाटलीतल्या खाद्यावर बसवायचा. या खाद्यात क्षार, जीवनसत्त्वे, लिटरला सुमारे ३० ग्रॅम साखर आणि घट्टपणासाठी अगर असते. शिवाय कोंब फुटावेत म्हणून एक संप्रेरक घालतात. मुळे फुटण्यासाठी पुढे दुसरे. बाटल्या आधी १२१ अंशांच्या वाफेत पंधरा-वीस मिनिटे शिजवून घेतात. आपला घरचा प्रेशर कुकर, त्याचेच हे मोठे भावंड! एका कोंबाचे दर खेपेस तीन झाले, तर पाच खेपांत २४३ होतात. मुळे फुटली की रोप बाहेर काढायचे, सावलीत हळूहळू उन्हावाऱ्याची सवय लावायची आणि मग शेतात.

ऐकायला सोपे वाटते, नाही का? पण साखर जशी कोंबाला आवडते, तशी बुरशीलाही. एखादा जंतू आत गेला की चार दिवसांत बाटलीत पांढरा कापूस दिसतो. विद्यार्थ्याने वीस बाटल्या भरल्या आणि त्यांतल्या बारा बिघडल्या, तर त्याने काय करावे? बारा फेकून देऊन उरलेल्या आठांचेच गुणगान लिहावे? तसे केले तर प्रकल्पाची वही सुरेख दिसेल, पण तिच्यावर विसंबून कुणाला रोपे करता येणार नाहीत. बिघाड कोणत्या दिवशी दिसला, तो मुनव्यातून आला की हाताळण्यातून, हे लिहिले तर पुढच्या वर्षीच्या मुलाला वाट सापडेल.

लातूरकडचा प्रश्न पाण्याचा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. तिथला विद्यार्थी बशीतही दुष्काळ पाडू शकतो. पाण्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचा पदार्थ विरघळवला की ते पाणी बियांना सहजी ओढून घेता येत नाही. अशा पाण्यात सोयाबीनचे किंवा तुरीचे निरनिराळे वाण उगवून पाहायचे. मात्र शेजारी साध्या पाण्यातले तेच बी हवेच. नाही तर कमी उगवण दुष्काळामुळे झाली की बीच जुने होते, हे कसे कळणार? आणि बशीत टिकलेला वाण शेतात टिकेलच असे नाही, हेही वहीत लिहायला हवे.

बाटलीतल्या या खाद्याचा इतिहासही असाच आहे. १९०२ साली हाबरलांट या शास्त्रज्ञाने वनस्पतीच्या सुट्या पेशी वाढवून पाहिल्या. त्या जगल्या, पण विभागल्या नाहीत. त्याने तेही प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेत मुराशिगे नावाचा विद्यार्थी स्कूग या गुरूच्या हाताखाली तंबाखूवर काम करीत होता. तंबाखूच्या पानांचा अर्क घातला की वाढ जोरात होते, असे दिसले. काही नवे संप्रेरक असेल, असा तर्क होता. बारकाईने तपासता वाढीचे श्रेय बरेचसे साध्या क्षारांचे निघाले. त्यावरून बसवलेले खाद्य १९६२ साली प्रसिद्ध झाले आणि आजही जगभर तेच वापरतात.

या सचोटीशी शेतकऱ्याचा संबंध थेट आहे. मूळ मुनव्यात विषाणू असेल, तर बाटलीत त्याच्याही शेकडो प्रती निघतात. खेपा फार वाढवल्या, तर काही रोपे आईसारखी राहत नाहीत. रोप वरून हिरवेगार दिसते. खोट कळते ती शेतात, पैसा आणि वर्ष गेल्यावर. म्हणूनच केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली अशा रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था सुरू केली. रोपे घेताना विषाणूची चाचणी झाली आहे का आणि प्रमाणपत्र आहे का, हे अवश्य विचारा. आणि आपला मुलगा किंवा मुलगी असा प्रकल्प करीत असेल, तर किती रोपे झाली एवढेच विचारू नका. किती बिघडली आणि का, तेही विचारा. उद्या रोपवाटिकेतल्या नोंदी ठेवायला हीच मुले बसणार आहेत.