ट्रॅक्टरवरचा मारुती कोणाचा?



गळिताच्या दिवसांत केन यार्डात नंबरला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांकडे नजर टाका. काचेवर नाहीतर मडगार्डवर भगव्या-काळ्या रंगांतला मारुतीचा निम्मा चेहरा हमखास दिसेल. हे चित्र कोणी काढले, असे आम्ही काही ड्रायव्हर मंडळींना विचारले. "साहेब, स्टिकरवाल्याकडं मिळतंय की!" हे उत्तर.

काढणारा आहे करण आचार्य, केरळच्या कासरगोड जिल्ह्यातील कुंबळे गावचा. २०१५ साली गावातल्या तरुणांनी गणेशोत्सवाच्या झेंड्यासाठी काहीतरी नवे काढून दे म्हणून तगादा लावला, तेव्हा त्याने हे काढून दिले. पुढे चित्र फोनवरून फोनवर गेले आणि बंगळूरच्या मोटारींच्या काचांवर जाऊन बसले. गावच्या पोरांसाठी काढलेला आपला मारुती अनोळखी माणसांच्या गाड्यांवर बघून तो चकितच झाला. २०१८ मध्ये मंगळूरच्या सभेत पंतप्रधानांनी त्याचे कौतुक केले. लोक म्हणतात 'रागीट हनुमान'. काढणारा म्हणतो, रागीट नव्हे, सामर्थ्यवान. पण स्टिकर छापून विकणाऱ्यांनी सुरुवातीला त्याला विचारलेही नव्हते.

हे झाले लांबचे. आपल्या कार्यक्षेत्रातही तसेच घडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

हुमणीच्या पत्रकासाठी एका सभासदाच्या मुलीने आम्हांला चित्र काढून दिले होते. वळवाचा पाऊस झाल्यावर संध्याकाळी भुंगेरे कडुनिंबावर जमतात, फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे, एवढेच त्यात होते. झाड मात्र असे हुबेहूब, की पान न् पान मोजावे. कोपऱ्यात तिचे नाव होते.

यंदा वडिलांच्या फोनवर तेच चित्र तिच्यासमोर आले. नाव कापलेले, रॉकेलच्या बादलीच्या जागी औषधाची बाटली, आणि वर मजकूर : एकच फवारणी, हुमणी साफ! पोरगी आधी हरखली, मग रडकुंडीला आली. तिचे दुःख नावाचे, आमची चिंता वेगळी. चित्र कारखान्याच्या पत्रकातले म्हणजे औषधही कारखान्याच्या शिफारशीचे, असे समजून दोघा-तिघांनी बाटल्या आणल्याही होत्या. हुमणीची अळी जमिनीत मुळ्या खाते. पानांवर मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचणार कसे?

विक्रेत्याला गाठले. तो म्हणाला, "नेटवर पडलं होतं, घेतलं." उद्या रस्त्याकडेच्या फडातला ऊसही 'पडला होता' म्हणून कोणी नेईल!

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढले की हक्क निर्माण होतो; नोंदणी सक्तीची नाही. तो चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क विकला तरी 'हे माझे' असे सांगण्याचा आणि नाव खराब होईल अशी मोडतोड थांबवण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे उरतोच. हे सारे लिहून मुलीच्या सहीने विक्रेत्याला पत्र दिले. आठवड्यात जाहिरात निघाली. बाटल्यांचे पैसे परत मिळावेत म्हणून गट ऑफिसमार्फत प्रयत्न चालू आहेत. पावत्या जपून ठेवा.

आपल्या घरात कोणी चित्रे काढत असेल तर मूळ कागद तारीख घालून ठेवावा आणि नाव कापता येणार नाही असे चित्राच्या आतच घालावे. नवे पत्रक लवकरच गटागटांत मिळेल. त्यात त्या मुलीने आपले नाव कडुनिंबाच्या बुंध्यावर, सालीच्या रेघांतच लिहिले आहे.