रुग्ण-नियंत्रक अभ्यासातील गृहीतक

रोगाच्या कारणाविषयी तुलनेपूर्वी मांडलेले आणि पुराव्याने खोटे ठरू शकेल असे निश्चित विधान. साथरोगविज्ञानातील या अभ्यासपद्धतीत रोग झालेल्या व्यक्ती (रुग्ण) व तो न झालेल्या, परंतु इतर बाबतींत तुल्य अशा व्यक्ती (नियंत्रक) यांच्या पूर्वायुष्याची तुलना करतात. विरळ आणि दीर्घ काळानंतर प्रकट होणाऱ्या रोगांसाठी ही पद्धती विशेष उपयुक्त आहे.

‘गरोदरपणातील औषधे अपायकारक असतात’ हे विधान परीक्षणक्षम नव्हे. कोणता रोग, कोणता घटक, त्याचा संपर्क केव्हा व तुलना कोणाशी, या चारही गोष्टी गृहीतकात स्पष्ट असाव्या लागतात. रुग्ण व नियंत्रक यांच्यातील संपर्काच्या प्रमाणात फरक नाही, असे शून्य गृहीतक त्यासमोर ठेवून त्याची कसोटी घेतात.

बॉस्टन येथे १९६६–६९ या काळात १५ ते २२ वर्षे वयाच्या आठ मुलींमध्ये योनिमार्गाचा ग्रंथिकर्करोग आढळला. या वयात तो अत्यंत विरळ होता. एका रुग्णाच्या आईने, गरोदरपणी घेतलेले स्टिलबेस्ट्रॉल याला कारण असेल काय, असे विचारले. ए. एल. हर्बस्ट व सहकाऱ्यांनी प्रत्येक रुग्णामागे, त्याच रुग्णालयात पाच दिवसांच्या अंतराच्या आत जन्मलेल्या चार मुली नियंत्रक म्हणून निवडल्या. आठांपैकी सात रुग्णांच्या मातांनी हे औषध घेतले होते. ३२ नियंत्रकांपैकी एकीच्याही मातेने घेतले नव्हते (१९७१).

तथापि हे औषध गर्भपात टळावा म्हणून देत असत. त्यामुळे औषधाऐवजी गर्भपाताची प्रवृत्तीच कारणीभूत असू शकेल, हे प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणही विचारात घेणे भाग होते. शिवाय ज्या रुग्णांवरून गृहीतक सुचले, त्यांच्यावरच त्याची अखेरची परीक्षा होऊ शकत नाही. न्यूयॉर्क राज्याच्या कर्करोग नोंदणीतील पाच रुग्णांच्या स्वतंत्र अभ्यासात त्याच वर्षी पाचही मातांनी संश्लेषित स्त्रीमदजन घेतल्याचे दिसून आले. नोव्हेंबर १९७१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदरपणी हे औषध न देण्याचा इशारा दिला. वस्तुतः त्याने गर्भपात टळत नाही, हे शिकागो येथील चाचणीत १९५३ मध्येच दिसले होते.

या पद्धतीने संबंध दिसतो. रोगाचे प्रत्यक्ष प्रमाण कळत नाही. आठांपैकी सात हा आकडा रुग्णांविषयीचा आहे. संपर्क झालेल्या मुलींपैकी सुमारे हजारात एकीलाच हा कर्करोग होतो, असे पुढील दीर्घकालीन निरीक्षणांतून आढळले.